हिवाळ्यात अंधार पडल्यावर सायकल चालवताय? आधी ‘दिसण्याची’ तयारी करा

डिसेंबर लागला की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे सायकलवाले येतात. पहिला पहाटे पाचला ग्रुपबरोबर राइडला जाणारा. त्याला आठवडाभर कोरडा खोकला असतो आणि विचारायचं असतं, “डॉक्टर, सायकल चालू ठेवू का?” दुसरा औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जाणारा सुरक्षारक्षक किंवा हेल्पर. कोपर सोललेलं, गुडघा सुजलेला. तो सायकल चालवू का असं विचारत नाही, कारण कामावर जायला त्याच्याकडे दुसरं साधनच नसतं. तो एवढंच विचारतो, “उद्या ड्यूटीला जाता येईल ना?”

हा लेख दोघांसाठीही आहे. विषय सध्या महत्त्वाचा होण्याची कारणंही आहेत. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि त्या निमित्ताने सायकलबद्दल पुन्हा उत्साहाने बोललं गेलं. ते चांगलंच आहे. पण शर्यत दिवसाउजेडी, वाहतूक थांबवलेल्या रस्त्यावर होते. आपल्याकडे रोज सायकल चालवणारे बहुतेक लोक मात्र पहाटे किंवा संध्याकाळी, वाहतुकीच्या मधोमध आणि अनेकदा दिव्याशिवाय चालवतात. त्यातच साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू आहे, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आहेत आणि हवा वर्षातली सर्वांत वाईट आहे. या सगळ्याचा आरोग्याशी काय संबंध, ते एकेक करून पाहू.

अंधार लवकर पडतो, आपली वेळ मात्र तीच राहते

जूनमध्ये पुण्यात सूर्य साधारण सव्वासातला मावळतो. डिसेंबरमध्ये तो सहाच्या सुमारास मावळतो. विदर्भात तर त्याहून लवकर. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच सूर्यास्त होतो. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाशही फार वेळ टिकत नाही. सूर्य मावळल्यावर पंचवीसेक मिनिटांत चांगलाच काळोख होतो. सकाळीही तेच. जानेवारीत पुण्यात सातनंतरच सूर्य उगवतो.

पण कारखान्याची पाळी, शाळेची घंटा आणि क्लासची वेळ बदलत नाही. सहाला सुटणारा कामगार जूनमध्ये उजेडात घरी पोहोचतो, तोच डिसेंबरमध्ये पूर्ण अंधारात. रस्ता तोच, सायकल तीच, फक्त धोका बदललेला असतो. त्याची सूचना मात्र कोणी देत नाही.

आणि नेमक्या याच वेळी रस्त्यावर गर्दी सर्वांत जास्त असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालांत वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते : संध्याकाळी ६ ते ९ या तीन तासांत सर्वाधिक अपघात होतात, एकूण अपघातांच्या सुमारे एक पंचमांश. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसं गेली. त्यांत सायकलस्वार साधारण तीन टक्के. टक्का लहान वाटतो, पण याचा अर्थ दर दिवशी दहापेक्षा जास्त सायकलस्वार.

डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो

उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा लगेच तयार होत नाही. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी आठ-दहा मिनिटांत जुळवून घेतात. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींना मात्र पूर्ण क्षमतेने काम करायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे ट्यूबलाइटच्या झगझगाटातून बाहेर पडून तुम्ही लगेच सायकलवर बसलात, तर पहिली काही मिनिटं तुम्हाला रस्ता दिसतो त्यापेक्षा तुमचा आत्मविश्वास जास्त असतो. खड्डा आणि न रंगवलेला गतिरोधक नेमका तेव्हाच चुकतो.

त्यात समोरून पांढऱ्या एलईडीचा झोत आला की जमवलेली सवय क्षणात मोडते आणि काही सेकंद समोर नुसता काळोख राहतो. तरुण डोळा लवकर सावरतो. पन्नाशी-साठीनंतर बाहुली कमी उघडते, भिंग पिवळसर होतं, सावरायला जास्त वेळ लागतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल, तर प्रत्येक दिव्याभोवती वलयं दिसतात.

हेडलाइटचा हा त्रास आता न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ते सुरक्षेच्या प्रकरणात निर्देश देताना डोळे दिपवणारे हेडलाइट, लाल-निळे लुकलुकणारे दिवे आणि बेकायदा भोंगे यांना आळा घालायला सांगितलं. निर्देश आले, पण तुमच्या गावच्या रस्त्यावर अंमलबजावणी व्हायला वेळ लागेल. तोवर एक साधी गोष्ट करता येते. समोरून झोत आला की त्याच्याकडे बघू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा, वेग कमी करा आणि डोळे सावरेपर्यंत जोर लावू नका.

चालकाला तुम्ही किती अंतरावरून दिसता?

अपघातानंतर वाहनचालकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं : “तो दिसलाच नाही.” आपल्याला ती पळवाट वाटते. पण बऱ्याचदा ते खरं असतं, म्हणूनच ते जास्त गंभीर आहे.

थोडं गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. अंधारात अनपेक्षित वस्तू ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद सहज जातात, म्हणजे ३३ मीटर. नंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण ५० ते ५५ मीटर. आणि खालच्या झोतात गडद कपड्यांतला, दिवा नसलेला माणूस दिसतो जेमतेम २५-३० मीटरवरून. म्हणजे चालक शुद्धीत असला, मोबाइल बघत नसला, वेगही फार नसला, तरी तो तुम्हाला धडकण्याआधी थांबू शकत नाही.

आपली मोठी गफलत इथेच होते. समोरच्या गाडीचा उजेड आपल्या डोळ्यांवर येतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की तिला आपण दिसत आहोत. तिला मात्र आपण अजून दिसलेलो नसतो.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी रुग्णांना नेहमी सांगतो. बंद रस्त्यावर रात्री प्रत्यक्ष गाडी चालवताना चालकांना सायकलस्वार ओळखायला सांगितलं. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार ओळखला गेला २ टक्के वेळा. चमकदार पोपटी जॅकेट घातलेला १५ टक्के. प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट घातलेला ५० टक्के. आणि त्याच जॅकेटबरोबर घोट्याला आणि गुडघ्याला परावर्तक पट्ट्या बांधलेला ९० टक्के.

यातून दोन गोष्टी समजतात. एक, पोपटी-केशरी भडक रंग दिवसा उपयोगी असतो. तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे उठून दिसतो. रात्री त्याचा फारसा उपयोग नाही. रात्री लागते ती हेडलाइटचा उजेड चालकाकडे परत पाठवणारी पट्टी. दुसरी गोष्ट, पायाला बांधलेली पट्टी पॅडलबरोबर वरखाली होते. ती हालचाल पाहून मेंदूला चटकन कळतं की पुढे माणूस आहे. छातीवरची स्थिर पट्टी एखाद्या पाटीसारखी किंवा खांबासारखी वाटू शकते.

काय लावायचं, कुठे लावायचं

• मागे लाल दिवा. एकच गोष्ट घेणं शक्य असेल तर हीच घ्या. अंधारात मागून येणाऱ्या गाडीला तुमच्या असण्याची हीच पहिली खूण असते. बॅग किंवा डबा त्याच्या आड येत नाही ना, ते बघा.

• पुढे पांढरा दिवा. रस्त्यावर विजेचे दिवे असतील तर ‘दिसण्यापुरता’ छोटा दिवा चालतो. खेड्यातल्या काळोख्या रस्त्यावर मात्र खड्डा दिसेल एवढा उजेड हवा. झोत थोडा खाली झुकवा, नाहीतर समोरच्या सायकलवाल्याचे डोळे तुम्हीच दिपवाल.

• मोकळ्या अंधाऱ्या रस्त्यावर दिवा स्थिर ठेवा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज घेणं कठीण जातं. दोन दिवे असतील तर एक स्थिर, एक लुकलुकता.

• घोट्याला परावर्तक पट्टी. दुकानात मिळाली नाही तर रिफ्लेक्टिव्ह टेप आणून जुन्या कापडी पट्टीवर शिवा. चपलेच्या मागच्या बाजूला आणि पॅडलच्या कडेलाही ती चिकटते.

• सायकलचे मूळ रिफ्लेक्टर पुसा. पॅडल, चाक, मागचं मडगार्ड. चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखाच. सायकलींवर कोणत्या दर्जाचे रिफ्लेक्टर हवेत, यासाठी केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आहे. त्यामुळे नवी सायकल घेताना रिफ्लेक्टर मागून घ्या आणि ‘स्टायलिश दिसत नाही’ म्हणून काढून टाकू नका.

• हेल्मेट. डोक्याला मार लागला तर ते वाचवतं. पण मार लागण्याची वेळच येऊ नये, हे काम दिवा करतो. म्हणून हेल्मेट आहे, दिवा नाही, असं करू नका.

• शाल आणि मफलर. आपल्याकडे थंडीत कान-डोकं मफलरने गच्च बांधतात. त्याने मागच्या गाडीचा आवाज कमी ऐकू येतो आणि मान वळवणंही होत नाही. कान झाका, पण पातळ टोपीने. शालीची टोकं चाकात जाणार नाहीत असं बांधा. आणि इअरफोन खिशात ठेवा.

लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ राइड करणाऱ्यांना हे नियम माहीत असतात. रात्री दिवे आणि परावर्तक जॅकेट नसेल तर त्यांना राइडमध्ये भाग घेता येत नाही. जो नियम हौसेच्या सायकलवाल्याला लागू होतो, त्याची खरी गरज रोज बारा किलोमीटर सायकल मारणाऱ्या कामगाराला आहे.

उसाची ट्रॉली : हिवाळ्यातला खास आपला धोका

पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. नोव्हेंबरपासून रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो, मागचा दिवा असला तरी त्याच्या आड जातो. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच दगड लावून उभी राहते.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री असाच एक पेशंट आला होता. वय पन्नाशीच्या आसपास. उभ्या ट्रॉलीत सायकल घुसली. समोरून आलेल्या गाडीच्या झोताने डोळे दिपले आणि पुढचा ऊस दिसलाच नाही. गालाचं हाड मोडलं, एक डोळा थोडक्यात वाचला. त्याच्या सायकलला दिवा नव्हता, ट्रॉलीलाही नव्हता. दोघंही गरीब, दोघंही घाईत. आणि दोन्हीकडचा मिळून खर्च पाचशे रुपयांचाही नव्हता.

परिवहन कार्यालयं दर हंगामात ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावायच्या मोहिमा घेतात. त्या व्हायलाच हव्यात. पण ट्रॉली कारखान्याच्या गेटातून आत येते, वजनकाट्यावर थांबते. पट्टी आणि दिवा तपासायला याहून चांगली जागा कुठली? पट्टी नसेल तर तिथेच लावून पाठवली पाहिजे. तुम्ही कारखान्याचे सभासद असाल, तर वार्षिक सभेत हा मुद्दा नक्की मांडा.

सायकल चालवताना एवढं करा : ट्रॉलीच्या मागे चिकटून जाऊ नका, अंधारात ऊस हा राखाडी भिंतीसारखा दिसतो हे लक्षात ठेवा आणि सांडलेल्या उसावरून चाक घसरतं, तिथे ब्रेक दाबण्याऐवजी आधीच वेग कमी करा.

हवा आणि थंडी

आता पहिल्या सायकलवाल्याचा खोकला. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरची तुलनेने उबदार राहते. त्यामुळे धूर आणि धूळ वर जात नाही, खालीच साचते. म्हणून संध्याकाळी उशिरा आणि पहाटे हवा सर्वांत खराब असते. ‘पहाटेची हवा शुद्ध’ हे हिवाळ्यातल्या शहरांना लागू होत नाही.

बसलेल्या अवस्थेत आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. सायकलवर ती तीस-चाळीस लिटरपर्यंत सहज जाते, तीही बऱ्याचदा तोंडाने, नाकाच्या गाळणीशिवाय. त्यामुळे सूक्ष्म कण जास्त प्रमाणात आणि जास्त खोल जातात. पीएम २.५ या कणांची २४ तासांची मर्यादा भारतात ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची १५.

यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर आकडा बघायची सवय लावा. निर्देशांक १०० पर्यंत असेल तर निरोगी माणसाने खुशाल चालवावी. १०१ ते २०० मध्ये दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी जपून, कमी जोर लावून. २०० च्या वर हौसेची राइड घरातल्या व्यायामावर ढकला. कामावर जावंच लागणाऱ्याने हमरस्ता टाळून आतला रस्ता घ्यावा, वेग कमी ठेवावा. एन-९५ मास्कने कण कमी होतात, पण श्वासाला जोर लागतो. छातीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साध्या रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत.

थंडीचं सांगायचं तर तापमान १० अंश असेल आणि तुम्ही ताशी २० किलोमीटरने जात असाल, तर उघड्या त्वचेला ते ७ अंशांसारखं लागतं. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो. म्हणून हातमोजे ही चैन नाही. गार, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात. पहिली दहा मिनिटं हळू चालवा, नाकाने श्वास घ्या.

यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं

दमा असून रात्री खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज येणारे. छातीत दाब येणारे किंवा अँजिओप्लास्टी झालेले. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन पहाटे उपाशीपोटी निघणारे. यांनी थोडं खाऊन निघावं, खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहाने पडद्याला इजा झालेले. आणि ज्यांना अलीकडे संध्याकाळनंतर कमी दिसू लागलं आहे असे सगळे. त्याचं कारण चष्म्याचा नंबरही असू शकतो, अ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते. मुलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा.

धडक झालीच तर

डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, फेफरं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, एका हातापायातली शक्ती जाणं, मान दुखणं. यांपैकी एकही असेल तर घरी झोपून राहू नका. हँडल पोटात घुसलं असेल तर वरून जखम नसली तरी दाखवा. प्लीहा किंवा यकृताला इजा होऊन रक्तस्राव काही तासांनीही कळतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी किरकोळ मारही तपासून घ्यावा.

१०८ ला फोन करा. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातात जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे : अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, नियुक्त रुग्णालयांत. जखमी सायकलस्वार असला तरी वाहनाने धडक दिली असेल तर तो या योजनेत येतो. वाहन पळून गेलं तर वेगळी भरपाई आहे : गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यू झाल्यास २ लाख. म्हणून पोलिसांत नोंद करा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, घाबरून निघून जाऊ नका.

मग जबाबदारी कोणाची?

एके काळी आपल्या शहरांत सायकलला दिवा नसेल तर पोलीस अडवत. डायनॅमो बिघडला की लोक सायकल हातात धरून चालत जात. पुढे सायकली कमी झाल्या, तो धाक गेला, आणि दिवा हा सायकलचा भाग न राहता ‘अॅक्सेसरी’ झाला. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल बसत नाही, त्यामुळे तिच्याकडे कोणाचंच नीट लक्ष नाही.

दंड लावणं हा उपाय मला पटत नाही. तो पुन्हा त्या सुरक्षारक्षकाच्याच खिशातून जाईल. त्यापेक्षा सायकल जिथून हातात येते तिथेच दिवा द्यावा. मानव विकास कार्यक्रमातून राज्यात मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. त्यांतल्या अनेकींना डिसेंबरमध्ये जादा तास संपवून अंधारातच घरी यावं लागतं. त्या सायकलींबरोबर दोन दिवे आणि घोट्याच्या पट्ट्या दिल्या तर खर्च फार वाढणार नाही. कारखानदार हेल्मेट आणि बूट देतात, मग गेटबाहेर पडणाऱ्या सायकलला लाल दिवा का नाही?

हे होईल तेव्हा होईल. आज संध्याकाळी तुमच्या घरातलं कोण सायकलवर येणार आहे, ते आठवा. वडील असतील, मुलगी असेल, किंवा रोज पहाटे दूध आणि पेपर टाकणारा मुलगा असेल. अंधार पडल्यावर त्यांच्या सायकलमागे तीस पावलं जाऊन उभे राहा आणि मोबाइलच्या टॉर्चचा झोत टाका. काही चमकलं नाही, तर मागच्या ट्रकलाही काही दिसणार नाही. उद्या बाजारात गेलात की आधी एक लाल दिवा आणा.